झाकणाचा अर्धा फेरा

कुणाच्या स्वयंपाकघरात बरणीचं झाकण सैल दिसलं की आजही माझा हात आपोआप तिकडे जातो. झाकण घट्ट करते आणि क्षणभर श्वास धरून उभी राहते. घरचे हसतात. ही सवय मला आईबापांनी लावलेली नाही. ती नान्हेजींची आहे.

गोमाजी नान्हे. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की कारधा, तिथले. घर ढीवरांचं, आढ्याला जाळी टांगलेली, अंगणात मासोळी वाळत घातलेली. शिक्षण सातवी. तरुणपणी खाणपट्ट्यात दगडाला भोकं पाडायच्या मशीनवर होते. छाती भरायला लागली तेव्हा एका दवाखान्यात कामाला लागले, आणि तिथल्या कंपाउंडरच्या मागे उभं राहून सूक्ष्मदर्शक पाहायला शिकले. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. मी आंधळगावची, धान पिकवणाऱ्या घरातली, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली. बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे आणि आजही सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे भंडाऱ्यातल्या एका जुन्या कौलारू बंगलीतल्या दोन खोल्या. आजूबाजूच्या गावांतून, चिखल्याकडच्या खाणमजुरांच्या वस्तीतून, छातीच्या रोग्यांच्या बेडक्याचे डबे मोटारीनं यायचे. आम्ही त्यातले जंतू बाटल्यांत वाढवायचे आणि क्षय आहे की नाही ते सांगायचं. ज्यावर ते वाढत तो थर कोंबडीच्या अंड्यांचा आणि हिरव्या रंगाचा असे. आठवड्याला इतकी अंडी लागत की बाजारातली अंडीवाली मला विचारायची, "बाई, तुमच्या हापिसात रोज आमलेटच खाता काय जी?" डॉक्टरसाहेब नागपूरहून आठवड्यातून एकदा येत. बाकीचे दिवस ती जागा नान्हेजींची.

पहिल्या दिवशी आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं, इथं कुणाचं तरी प्रेत ठेवलं आहे. एप्रिल महिना, बाहेर लाही फुटेल असं ऊन, आणि आत पंखा बंद. खिडक्या बंद. टेबलावर फिनॉलमध्ये भिजवलेलं फडकं अंथरलेलं. एक उंच, वाळलेला माणूस काचेच्या पेटीत दोन्ही हात घालून बसला होता. पेटी सागवानी, गावच्या सुतारानं केलेली, पुढं काच आणि हातांपुरती दोन भोकं. मी नमस्कार केला. उत्तर नाही. मी पुन्हा म्हटलं, "मी नवी टेक्निशियन." उत्तर नाही. मला राग आला. मी काही बिनशिकलेली नव्हते.

पुष्कळ वेळानं त्यांनी हात बाहेर काढले, फिनॉलच्या पाण्यात बुडवले, पुसले, आणि मग तोंड उघडलं.

"नमस्कार जी. बाटली उघडी होती. बाटली उघडी असली का बोलाचं नाही."

"का?"

"आपून बोललो का श्वास घ्या लागते. श्वास घेतला का त्याइले रस्ता भेटते."

'त्याइले' म्हणजे त्यांना. नान्हेजी 'जंतू' हा शब्द कधी वापरत नसत. ते म्हणजे 'ते'. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं. मी एकदा विचारलं, "नाव काहून घेत नाही जी?" तर म्हणाले, "नाव घेतलं का ओळख झाल्यासारखं वाटते. ओळख झाली का मानूस बेफिकीर होते."

त्याच दिवशी मी पिपेट, थेंब मोजायची काचेची नळी, तोंडात धरली. कॉलेजात आम्ही सगळे तोंडानंच ओढत असू, आणि माझा हात त्यात चांगला होता. थेंब इकडचा तिकडे होत नसे. मी ओढणार तेवढ्यात नान्हेजींनी पिपेटच्या वरच्या टोकावर बोट ठेवलं.

"बीएस्सीबाई, तोंडात कायले घेता? ते तुमच्या तोंडात याले तयारच बसले आहेत. बोलावून कायले राहिल्या?"

त्यांनी खिशातून रबरी फुगा काढून माझ्या हातात दिला. तेव्हापासून मी बीएस्सीबाई झाले. त्यात टोमणा होता आणि थोडा मानही होता.

त्यांचे नियम कुठं लिहिलेले नव्हते. जंतू उचलायची तार ज्योतीत धरण्याआधी वाळू आणि स्पिरिटच्या बाटलीत घुसळायची, नाहीतर ज्योतीत ती तडतडते आणि शिंतोडे उडतात. लेबल जिभेनं ओलं करायचं नाही. पेन्सिल दातांत धरायची नाही. आणि दिवस संपला की सगळ्या बाटल्यांच्या झाकणांवरून हात फिरवायचा. एकेक झाकण चिमटीत धरून ते घट्ट करत आणि पुटपुटत, "झाकण आपलं, बाकी त्याइचं." ही त्यांची सायंप्रार्थना. एक झाकण सैल सापडलं तर मला घराच्या वाटेवरून परत बोलावत.

मला हे सगळं अती वाटे. तसं मी एकदा बोललेही. त्यांनी वाद घातला नाही. दुपारी मला मागच्या खोलीत नेलं. तिथल्या खिडकीच्या फळीला एक भोक होतं आणि त्यातून उन्हाची एक तिरीप आत येत होती. नान्हेजींनी साध्या पाण्याची बाटली घेतली, हलवली, आणि तिरिपेत धरून बूच काढलं. टक् असा आवाज झाला. बाटलीच्या तोंडाशी धुरासारखं काहीतरी उठलं. बारीक, बारीक थेंब, उन्हात चमकणारे. मी ते खाली पडायची वाट पाहत राहिले.

"पडत नाहीत," ते हळूच म्हणाले. "पाहा. वाळतात, हलके होतात, आन् दिसेनासे होतात. दिसत नाही म्हून नाही, असं नसते."

थेंब नाहीसे झाले. तिरीप रिकामी झाली. मी मात्र नकळत श्वास धरून उभी होते, आणि नान्हेजी माझ्याकडे पाहत होते.

त्याच पावसाळ्यात सेंट्रिफ्यूजमध्ये, नमुने गरगर फिरवायच्या यंत्रात, नळी फुटली. नान्हेजी त्याला फिरकी म्हणत. आतून काच तडकल्याचा आवाज आला. मी झाकणाकडे धावले. त्यांनी माझा दंड धरला, बटन बंद केलं आणि मला ओढतच बाहेर नेलं. दाराला कडी घातली. फटीशी फिनॉलचं फडकं लावलं. मग ओसरीवर स्टूल टाकून दाराकडे तोंड करून बसले. एक तास झाला. चपराशी चहा घेऊन आला, त्याला बोटानंच परत पाठवलं. आत काही हलत नव्हतं. तरी ते मान तिरकी करून ऐकत होते. नदीवर डोंग्यात बसलेला ढीवर मासोळीची चाहूल घेतो, तसे.

"काय ऐकता?" मी विचारलं.

"काही नाही. ते बसून राहिले आता. बसू द्या."

दार उघडलं तेव्हा खोली होती तशीच होती. टेबल, पेटी, बाटल्या. पण मला ती ओळखीची वाटेना. कुणीतरी येऊन, प्रत्येक वस्तूला हात लावून, नुकतंच निघून गेल्यासारखी वाटली.

आता या गोष्टीतल्या दुसऱ्या 'त्यां'बद्दल सांगायला हवं. क्षयाचा जंतू सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याचे चुलतभाऊ कुणाला माहीत नसतात. ते रोग्याकडून येत नाहीत. ते पाण्यात असतात, चिखलात, नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघेही सारखेच दिसतात, लाल काड्यांसारखे. मला हे पुस्तकातून माहीत होतं. नान्हेजींना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं. एकदा एकाच आठवड्यात इतक्या जणांना क्षय निघाला की डॉक्टरसाहेब घाबरले. नान्हेजींनी रोग्यांचे डबे बाजूला ठेवले आणि नमुन्याच्या काचा धुवायच्या पाण्याची टाकी, तिची रबरी नळी, ओसरीवरचा माठ, बंगलीमागच्या धानाच्या बांधीतला चिखल, सगळ्यांचा थेंब काचेवर घेऊन रंगवला. मग मला बोलावलं.

मी डोळा लावला. नळीच्या पाण्यात लाल काड्या. चिखलात लाल काड्या. माठात मात्र एकच काडी दिसली, पण दिसली. त्याच माठातलं पाणी मी सकाळी प्याले होते.

"हे तर सगळीकडे आहेत," मी म्हटलं.

"आपल्या आधीपासून आहेत. हे घर त्याइचं होय, आपून भाड्यानं राहून राहिलो. धडधाकट मानसाले काही करत नाहीत. छाती आधीच चिरलेली असली, त घुसतात." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या छातीवरून हात फिरवला, सदऱ्याची गुंडी लावल्यासारखा. खाणीतल्या धुळीची छाती ती. मला तेव्हा काही कळलं नाही.

पाण्यातले काचांवर येऊन क्षय म्हणून मोजले गेले होते. नळी बदलली. त्या दिवसापासून काच धुवायला उकळून गार केलेलं पाणी.

हे दोघे भाऊ वेगळे ओळखायची एक युक्ती उजेडाची. अंधारात, काळ्या कागदात गुंडाळून वाढवलेली बाटली तासभर उजेडात ठेवायची, पुन्हा अंधारात ठेवायची. क्षयाचा जंतू फिकटच राहतो. पाण्यातल्यांपैकी एक जात अशी आहे की ती दुसऱ्या दिवशी पिवळी होते. उजेडानं पाहिलं हे तिला कळतं जणू. ही तपासणी नान्हेजी एकटेच करत. त्या वेळी मला बाहेर काढत, दार लावून घेत. मी बी.एस्सी.; मला त्याचा अपमान वाटे. म्हणून मी कधी विचारलं नाही, की आत नेमकं काय करता. ही माझी चूक, आणि पुढचं सगळं तिच्यातून आलं.

तीन-चार वर्षांनी नान्हेजी खोकायला लागले. मग वाळायला लागले. एका सकाळी ते आत आलेच नाहीत. ओसरीच्या पायरीखाली उभं राहून म्हणाले, "मी आता आत येणार नाही. मानसाचा नमुना आत असला का मानसानं बाहेर राहाचं. माझा नमुना तुमी पाहाल."

तीन दिवस सकाळी उठून उकळलेल्या पाण्यानं चूळ भरून त्यांनी तीन डबे दिले. नळाचं पाणी तोंडाला लावलं नाही, म्हणजे पाण्यातल्या त्यांचा घोटाळा नको. कारध्याला घरी त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात छपरी बांधली आणि तिच्यात राहायला गेले. ताट वेगळं, लोटा वेगळा. त्यांची सून शांता तेव्हा दिवसांत होती. घरात पहिलं नातवंड येणार होतं. आपल्याला क्षय असला तर त्या लेकराला लागेल, एवढीच एक गोष्ट त्यांच्या मनात होती. मला म्हणाले, "माझं काय व्हाचं ते होईल. पण ते कोण आहेत, तेवढं नीट पाहून सांगा. लेकराच्या जवळ जाऊ का नको जाऊ, तेवढंच."

तिन्ही बाटल्यांत वाढ दिसली. मी त्यांचे काळे कागद सोडले, प्रत्येक झाकण नान्हेजींसारखं चिमटीत धरून घट्ट केलं, मनात म्हटलं, झाकण आपलं, बाकी त्यांचं. तासभर उजेडात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहिल्या. फिकट, हस्तिदंतासारख्या. रंग नाही.

मी लिहून दिलं: रंग नाही. डॉक्टरसाहेबांनी क्षयाच्या गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू केली. शांताला मुलगी झाली. बारसं झालं तेव्हा नान्हेजी छपरीच्या कुडाआडून पाहत होते, असं मला त्यांच्या मुलानं सांगितलं. पाळण्यातलं नाव त्यांनी ऐकलं, पण तोंडानं घेतलं नाही. कुडाच्या भोकातून त्यांचा एक डोळा तेवढा दिसत होता, म्हणाला. बायका बिचकल्या होत्या.

धान कापणीच्या दिवसांत मी त्यांना भेटायला नदीपलीकडे गेले. गोळ्या घेऊन महिने झाले होते, आणि ते अर्धे झाले होते. मला पाहताच त्यांनी हात वर केला: तिथंच थांबा, वारा माझ्याकडून तुमच्याकडे आहे. मी बाजू बदलून बसले.

"बरे दिसता," मी म्हटलं.

"खोटं बोलाले कोण्या कॉलेजात शिकलात जी, बीएस्सीबाई?" मग म्हणाले, "गोळ्या त्याइले लागून नाही राहिल्या. क्षय असता त एवढ्यात काही त फरक पडता. उजेडाची तपासणी कशी केली ते सांगा मले."

मी सगळं सांगितलं. तास, कागद, उजेड.

"आन् झाकण?"

"घट्ट. तुमच्यासारखं."

ते अंगणात कोंबडी उकरत होती तिच्याकडे पाहत राहिले. मग हसायला लागले, आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी तिथं बसून होते. तो खोकला मला अजून ऐकू येतो.

"अर्धा फेरा," ते शेवटी म्हणाले. "झाकण अर्धा फेरा सैल करा लागते. वारा भेटल्याशिवाय त्याइले रंग येत नाही. म्हून त तुमाले बाहेर काढत होतो मी. सैल झाकण आन् खोलीत दुसरं मानूस, मले पटत नव्हतं."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

मी म्हटलं, "नान्हेजी, चूक माझी."

"नाही जी. म्या शिकवलं तेच तुमी केलं. जास्तच चांगलं शिकवलं म्या."

परत येऊन त्या तीन बाटल्यांतून चार नव्या बाटल्यांत वाढवलं. नवी वाढ कोवळी असताना उजेड दाखवावा लागतो. ते दिवस मी मोजले नाहीत, पण त्या खोलीत एकटी बसून मीही मान तिरकी करून ऐकायला शिकले. आपल्या माणसाच्या छातीतलं काहीतरी काळ्या कागदात गुंडाळून कपाटात वाढतं आहे, आणि ते आपली वाट पाहतं आहे, असं वाटायचं. मग एका सकाळी मी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, बाटल्या काचेच्या पेटीत ठेवल्या आणि श्वास धरून प्रत्येक झाकण अर्धा फेरा सैल केलं. तीन तासभर उजेडात ठेवल्या; चौथी बाटली तशीच सैल, पण कागदात, अंधारात.

दुसऱ्या दिवशी तिन्ही पिवळ्या. अंधारातली चौथी फिकट. मी खुर्चीवर बसून त्यांच्याकडे पाहत राहिले. रात्रीतून तीन डोळे उघडावेत तशा दिसत होत्या. डॉक्टरसाहेबांनी खात्रीसाठी नागपूरला पाठवल्या, तिथूनही तेच आलं. क्षय नव्हे. पाण्यातला चुलतभाऊ. माणसाकडून माणसाला तो लागत नाही असंच सगळे जाणकार मानतात. पण त्या वेळी आमच्याकडे असलेल्या गोळ्या त्याच्यावर नीट चालतही नव्हत्या. एकाच कागदावर दोन्ही गोष्टी होत्या.

तो कागद घेऊन मी कारध्याला गेले. थंडीचे दिवस, सकाळचे नऊ-दहा. नान्हेजी छपरीत बसले होते. त्यांनी कागद घेतला नाही.

"कसा पिवळा?" त्यांनी विचारलं. "हळदीसारखा?"

"नाही. फिका."

"दोडक्याच्या फुलासारखा?"

"त्याहून फिका. पिकत्या लिंबाच्या सालीसारखा."

ते डोळे मिटून बसले. माझी परीक्षा घेतली होती त्यांनी, आणि मी पास झाले होते. गोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "ते माहीत आहे मले." मग मान वळवून घराकडे हाक दिली, "शांता. पोट्टी जागी आहे काय वं?"

शांता दारात आली. तिच्या कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. ती माझ्याकडे पाहू लागली. मी होकाराची मान हलवली. तरी तिचा पाय उंबऱ्यातच होता. मग ती आली, आणि तिनं मुलीला सासऱ्याच्या मांडीवर ठेवलं.

नान्हेजींनी तिला दोन्ही हातांनी धरलं, काचेच्या पेटीतली बाटली धरत तसं. तोंड घट्ट मिटलेलं. श्वास धरलेला, मला गळ्याची शीर दिसत होती. मुलीनं त्यांचा खालचा ओठ मुठीत पकडला आणि ओढायला लागली.

"नाव घ्या न बाबा तिचं," शांता म्हणाली. "तुमी एकदाही नाही घेतलं."

छपरीच्या कुडातून उन्हाची एक तिरीप येत होती. नान्हेजी थोडे सरकले, मुलीला जरा बाजूला धरलं, आणि आपलं तोंड त्या तिरिपेसमोर आणलं. ओठ अगदी थोडे उघडले. अगदी हळू म्हणाले, "वैनू."

मुलगी हसली. शांतानं पदर डोळ्यांना लावला. नान्हेजी मात्र दोघींकडेही पाहत नव्हते. ते त्या तिरिपेकडे पाहत होते. त्यांच्या शब्दाबरोबर बाहेर पडलेलं काहीतरी उन्हात क्षणभर चमकलं, वाळलं, दिसेनासं झालं.

पुढं ते दोन पावसाळे जगले, पण मला आठवतात ते तसेच: मांडीवर नात, आणि नजर त्या रिकाम्या उन्हात. मी उठून नदीच्या वाटेला लागले तरी ते पाहतच होते.